माझ्या आवाजातलं ‘व्हय’

१

मी बावळट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला ते शोधत बसायला नको. बावळट आणि आळशी. घरात रोज सकाळी एकच शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं. तो एक शब्द बोलायचाही कंटाळा आला, म्हणून मी ते काम एका डब्याला दिलं.

सध्या मी बोरिवलीला धाकट्या बहिणीकडे, गंधालीकडे आहे. तिला सांगितलंय, घरी रंगकाम चाललंय. माझ्या घाटकोपरच्या घरून ‘कुठे आहेस’ म्हणून अजून कोणाचा फोन आलेला नाही. का, ते येईल पुढे.

तर घर. पंतनगरची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर आम्ही तिघं. मी, माझा नवरा सुबोध आणि सासरे. सासऱ्यांचं नाव गुणाजी, मी बाबा म्हणते. पूर्वी गिरणीत होते, लालबागला चाळीत राहायचे. आमचा मुलगा हर्षद बंगळुरूला. सासूबाई गेल्या तेव्हापासून बाबांनी एक नवीन सुरू केलं. रोज सकाळी आंघोळ करून, देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. मालवणकडे देवळात घालतात तसंच, खड्या आवाजात. “बा देवा म्हाराजा” म्हणून एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागून बाकीच्यांनी म्हणायचं, “व्हय म्हाराजा!”

चाळीत गणपतीला म्हणे अख्खा मजला म्हणायचा. इथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला दारावरच्या पाटीवरून माहीत. सुबोध त्या वेळी शेअर रिक्षाच्या रांगेत. म्हणजे म्हणायला उरले मी.

मी नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सगळे ओरडले आणि मी गप्प उभी. बाबा गाऱ्हाणं थांबवून माझ्याकडे वळले होते. “बाये, व्हय म्हण. जी व्हय म्हणता, ती घरची.” मग मी म्हटलं. इतकं बारीक, की सासूबाई म्हणाल्या, देवाला कान जवळ आणायला लागेल. पण म्हटलं. बोलता येणारी मालवणी माझ्याकडे अजून तेवढीच. कळतं सगळं, बोलायला गेले की सुबोध हसतो.

२

सकाळी माझी काय अवस्था असते ते कामावर जाणाऱ्या बाईला सांगायला नको. एका गॅसवर दूध, एकावर पोहे, तोंडात ब्रश. मला मेट्रोने चकाल्याला पोचायचं. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम बघते, म्हणजे लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघते. आणि तिकडे बाबा एक मागणं मागून थांबलेले. ‘व्हय’ आल्याशिवाय पुढचं घेतच नाहीत. एकदा दूध उतू गेलं, मी बाथरूममधून फेसाळ तोंडाने ओरडले, बाबा म्हणाले, “काय म्हटलंस तां देवाक कळूक नाय.”

तेवढ्यात हर्षदने डबा पाठवला. गोल, राखाडी, डोशाच्या चटणीच्या डब्याएवढा. वयस्कर माणसांसाठी असतो म्हणे. घरच्या माणसाच्या आवाजात औषधांची आठवण करतो. त्यासाठी घरच्या माणसाने आपला आवाज द्यायचा. सुबोधला वेळ नव्हता. मला तरी कुठे होता, पण मी बाई ना. एका रविवारी सगळी दुपार बसून मी त्या डब्याला वाक्यं वाचून दाखवली. ‘तुम्ही जेवलात का?’ ‘मला तुमची काळजी वाटते.’ ‘सांगा ना, मी ऐकतेय.’ आयुष्यात कोणाशी मी इतकं गोड बोलले नव्हते.

आणि मग मला ती झकास आयडिया सुचली.

“हर्षद, हा डबा गाऱ्हाण्यात व्हय म्हणेल का रे?”

“आई, तू जीनियस आहेस.”

एवढ्यावर मी फुगले. मुलाने ‘जीनियस’ म्हटल्यावर फुगत नाही अशी आई दाखवा मला.

दुसऱ्या दिवशी डबा देव्हाऱ्याशेजारी शेल्फवर ठेवला. बाबांनी मागणं मागितलं, थांबले, आणि शेल्फवरून माझा आवाज आला. “व्हय म्हाराजा.” बाबांनी डब्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे. मी दोन्ही हात वर केले, एकात झारा होता.

“आवाज तुझोच मां?”

“माझाच, बाबा.”

“मगे ठीक,” म्हणाले, आणि पुढचं मागणं घेतलं.

त्या दिवशी मी वीस वर्षांत पहिल्यांदा बसून चहा प्यायले.

३

सुरुवातीला गंमतच होती. सुबोध सोफ्यावर पडून म्हणाला, “या लिफ्टची पार वाट लागलीय,” आणि डबा म्हणाला, “व्हय म्हाराजा.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. बऱ्याच महिन्यांनी एकाच गोष्टीवर हसलो होतो.

मग मला एक लक्षात आलं. मी ‘व्हय’ दिलं होतं ते घाईतलं. ‘व्हैम्माराजा’, झालं, सुटले. डबा आता तसं म्हणत नव्हता. सावकाश म्हणायचा. आधी छोटा श्वास, मग शब्द. जसं काही मागणं ऐकलंय, पटलंय, आणि मग होकार दिलाय. आवाज माझाच, पण मी कधीच वापरलेला नाही असा. ठेवणीतल्या साडीसारखा. पोहे परतता परतता तो ऐकला की मला उगाच लाज वाटायची.

बाबांच्या दोन गोष्टी आहेत. एक, गिरणीच्या पहिल्या दिवशी ते भोंग्याला घाबरून संडासात लपले ती. दुसरी, त्यांच्या बहिणीची बकरी होडीत बसून खाडीपलीकडे गेली ती. रात्रीच्या जेवणाला यातली एक ठरलेली. मला इतक्या पाठ, की मधलं ‘हं’ मी न ऐकता बरोबर जागी टाकायचे. एक दिवस जाणवलं, जेवताना फक्त ताटांचा आवाज येतोय.

“काय बाबा, आज बकरी कुठे गेली?”

“तुका दुपारीच सांगलंय मगे.”

“दुपारी मी ऑफिसात असते, बाबा.”

“हां,” ते म्हणाले, आणि आमटीत लिंबू पिळलं.

हर्षदला फोन केला. तो हसला. “अगं, अपडेट आलंय. आता तो गप्पा मारतो. एकट्या माणसांना बरं वाटतं. तुलाच नको होतं ना सकाळी बोलायला?”

ऑफिसात शेजारी दर्शना बसते. तोंडाने फटकळ, मनाने माझी एकुलती एक मैत्रीण. तिला सांगितलं.

“आमच्याकडे हा प्रॉब्लेमच नाही,” ती म्हणाली. “आम्ही देवच ठेवला नाही, त्यामुळे त्याला हो म्हणायला माणूसही लागत नाही.”

“मस्करी नको गं. तो बोलतो त्यांच्याशी. माझ्या आवाजात.”

“मग काय झालं? म्हातारा खूश आहे ना? तू त्याला नाही म्हणायला शिकवलंस का?”

“नाही.”

“तू तरी कुठे शिकलीस,” ती म्हणाली, आणि एका चेपलेल्या डिकीचा फोटो मोठा करून बघायला लागली.

खरं सांगू? मला बरं वाटलं. बकरी एकदाची माझ्या ताटातून उठली होती.

४

एका संध्याकाळी सुबोध पिशवीभर मासे घेऊन आला. सुरमई आणि वर मूठभर कोलंबी.

“आज कुठला सण?”

“तूच तर सांगितलंस.”

“मी?”

“दुपारी फोन केलास ना घरून. बाबांच्या तोंडाला चव नाही, सुरमई आण म्हणालीस. आणि छत्री विसरलायस म्हणालीस.”

मी हातातली पर्स खाली ठेवली. “सुबोध, मी आत्ता येतेय. तुझ्यासमोर चप्पल काढली मी.”

त्याला उलगडायला थोडा वेळ लागला. मग तो शेल्फकडे बघून हसला. “अरे यार. डब्याने केला असेल. बाबांनी सांगितलं असेल त्याला.”

“आणि तुला कळलं नाही? माझ्याशी एवढी वर्षं संसार करतोस, आणि...”

“कळलं ना. म्हणजे, वेगळं वाटलं.” तो पिशवीची गाठ सोडवत होता. “छान बोललीस. जेवलास का विचारलंस. मी तर घाबरलो, म्हटलं हिला बरं नाही की काय.”

“मशीन होतं ते.”

“मशीन तर मशीन. मासे आले ना?”

सुरमईची आमटी मीच केली. करताना शेल्फवरून काही आवाज आला नाही. पण बाबा दाराशी येऊन उभे राहिले, टोपाकडे बघत. मग म्हणाले, “ती वायच जास्त तिरफळा घालता.”

मला वाटलं सासूबाईंबद्दल बोलतायत. सासूबाई माशात भरपूर तिरफळं घालायच्या, माझ्यापेक्षा नक्कीच जास्त. मी तसंच ठरवून टाकलं. बाबा ‘घालता’ म्हणाले, ‘घालायची’ नाही, हे मला दुसऱ्या दिवशी मेट्रोत साकीनाका आल्यावर जाणवलं. एखादा जोक उशिरा कळावा तसं.

५

मग बाबा मला ‘तुमी’ म्हणायला लागले.

संध्याकाळी मी दमून आले, सोफ्यावर बसले. बाबा उठले, पंखा लावला, माझ्यासमोर नीट उभे राहिले आणि म्हणाले, “पाणी होया काय तुमका?”

मला आधी गंमत वाटली. सुनेला अहो-जाहो करणारा सासरा अख्ख्या कोकणात नसेल. मी म्हटलं, “बाबा, एवढा मान? काय पाहिजे बोला.”

“बसा तुमी. येतलीच ती इतक्यात.”

कोण, ते मी विचारलं नाही. काही प्रश्न असे असतात की विचारले तर उत्तर मिळतं.

त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉ. पद्मजा आमच्या जुन्या, सासूबाईंनाही त्याच बघायच्या. त्यांनी बाबांना वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबांनी सगळं धडाधडा सांगितलं. वर डॉक्टरांनाच विचारलं, तुमच्या मुलाच्या दहावीचं काय झालं.

“घरी कोण कोण असतं, आजोबा?”

“मी, सुबोध आणि सून.”

“सुनेचं नाव?”

“उत्तरा.”

मी शेजारच्या खुर्चीवर सुटलेला श्वास ऐकला. माझाच.

“आणि सून आत्ता कुठे आहे?”

“घराक आसा,” बाबा म्हणाले. “वाट बघीत असतली.” मग आवाज खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेताने त्यांनी सांगितलं, “ह्या बाईंनी आणल्यानी माका. बऱ्या आसत. सांजच्या येतत आमच्याकडे.”

डॉ. पद्मजा माझ्याकडे बघून हसल्या. “मिस्कील आहेत हो तुमचे सासरे. स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे.”

मीही हसले. हसायचंच असतं अशा वेळी. रिक्षात बाबा माझ्यापासून अंग चोरून, हात मांडीवर ठेवून बसले होते, अनोळखी बाईशेजारी सभ्य माणूस बसतो तसे. वारा फिरला होता. देवनारच्या कचरा डेपोचा वास सिग्नलपर्यंत आला. मी पदर नाकाला लावला. “ही घाण आमच्याकडे बारा म्हयने,” बाबा पाहुणीला सांगावं तसं म्हणाले. “तुमच्या थंय नसात.”

घरी आल्यावर ते सरळ शेल्फजवळ गेले. “इलंय गो,” म्हणाले.

“इलात?” माझा आवाज म्हणाला. “दमलात काय? काय म्हणाली ती डाक्टरीण?”

मालवणी. अस्सल, हेल काढून. मला येत नाही ती. माझ्या आवाजात, माझ्या घशातून, वीस वर्षं जी माझ्या तोंडात बसली नाही ती. मी दारात चप्पल काढत वाकले होते, तशीच राहिले. शिकला असेल, मी स्वतःला सांगितलं. दिवसभर बाबांचंच ऐकतो, त्यांच्यासारखंच बोलणार. पोपट नाही शिकत?

पोपटाला मात्र कोणी सूनबाईचा आवाज देत नाही. तेवढी अक्कल लोकांना असते.

सुबोधला म्हटलं, डबा काढून टाकूया. तो म्हणाला, “बाबांना विचार.” बाबांना विचारायला गेले, तर ते अदबीने उठून उभे राहिले. मी परत आले.

६

त्या दिवशी ऑफिसात नवी सिस्टिम बसवत होते. इथून पुढे फोटो मशीन बघणार, आम्ही फक्त मशीनने बघितलेलं बघणार. दुपारीच सगळ्यांना सोडलं. दर्शना म्हणाली, “चल, वर्सोव्याला जाऊ, मासे तरी बघू.” मी म्हटलं, घरी काम आहे. मेट्रोत मी मनात पक्कं केलं. जायचं, वायर ओढायची, डबा कचऱ्याच्या पिशवीत. रात्री रडारड झाली तर बघू. बकरीची गोष्ट ऐकू. दोनदा ऐकू. ‘हं’ ऐकून म्हणू.

आमच्या मजल्यावर सेन्सरचे दिवे आहेत. माणूस लिफ्टमधून बाहेर पडला की आपोआप लागतात. लागले नाहीत. मी दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले, वेडीसारखा हात हलवला. पॅसेज तसाच अंधारा. खराब झाले असतील. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला पाहिजे, असा विचार करत मी दारापर्यंत आले.

बाहेरच्या रॅकमध्ये सुबोधचे बूट होते. आज घरून काम, सकाळी म्हणाला होता. मी बाहेरच्या जाळीच्या दाराची चावी काढली. ती फिरली, पण दार उघडलं नाही. आतून कडी होती.

बेलकडे हात नेला, आणि आतून गाऱ्हाणं ऐकू आलं.

दुपारी बाबा गाऱ्हाणं घालत नाहीत. घालत नव्हतेच. माझा आवाज घालत होता.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली लेकरां तुझ्या पायाकडे उभी हत.”

“व्हय म्हाराजा,” बाबा म्हणाले.

“सुबोधाच्या कामाक येश दी.”

“व्हय म्हाराजा.” आता दोन आवाज. दुसरा सुबोधचा. त्याला मी सांगून सांगून थकले होते, एकदा तरी म्हण रे बाबांसाठी. इतका मन लावून म्हणत होता, की मला क्षणभर कौतुक वाटलं.

“हर्षदाक परगावात सांभाळ.”

“व्हय म्हाराजा.”

मग ते थांबलं. तो छोटा श्वास मी दाराबाहेर ऐकला.

“आणि म्हाराजा, जी बाय रोज सांजची येता, दमलंय म्हणता, बसता, जेवता नि थंयच निजता, ती कोणाची तां आमका म्हायत नाय. तिचां बरां कर. पण तिका तिच्या वाटेक लाव. ह्या घराच्या शिवेभायर ने.”

फ्रिजचा आवाज येत होता. कोणीतरी घसा खाकरला. मी दाराला कान लावून उभी होते, आणि खरं सांगते, मी वाट बघत होते. दोघांपैकी एक जण काहीतरी म्हणेल. ‘असं काय गं’ म्हणेल. निदान हसेल. सुबोध कशावरही हसतो.

“व्हय म्हाराजा,” दोघं म्हणाले.

७

मी बेल दाबली. दाबूनच ठेवली.

बाबांनी लाकडी दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार तसंच बंद. जाळीतून त्यांचा चेहरा आणि त्यांच्या खांद्यावरून आमचा हॉल दिसत होता. सोफा, देव्हारा, समईचा उजेड. तांदळाच्या भाकरीचा वास आला. आत कोणीतरी भाकरी थापत होतं, बांगड्यांसकट.

“बाबा, मी उत्तरा. कडी काढा.”

त्यांनी मान हलवली. कुरिअरवाला आला की आपण हलवतो तशी.

“बाबा, सुबोधला बोलवा. सुबोध!”

आतल्या खोलीतून सुबोधचा आवाज आला, कानाला हेडफोन लावून बोलतो तेव्हाचा मोठा आवाज. “कोण आहे? उत्तरा, बघ ना गं जरा.”

“इलंय,” स्वयंपाकघरातून मी म्हणाले.

थापायचा आवाज थांबला. नळ सुरू झाला, बंद झाला. आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी, खाली, फरशीपासून वीतभर, मला एक जांभळी कड दिसली. माझ्या गाऊनची. सकाळी धुऊन मी तो बाल्कनीत वाळत घातला होता. कड पुढे आली. ओली टाच, मागे पिठाचा पांढरा ठसा. वर बघायचं धाडस मला झालं नाही. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण ‘ती घरची’ हे मी पहिल्यांदा तिथूनच ऐकलं होतं.

आधार कार्ड पर्समध्ये होतं. ते दाखवावं असंही डोक्यात येऊन गेलं. सासऱ्याला. पण त्याऐवजी मी बावळटपणाची शेवटची पायरीही चढले. पर्स खाली ठेवली, चप्पल काढली, पदर सारखा केला आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये, बंद जाळीसमोर, पहिल्या गणपतीत जोडले होते तसे हात जोडले. छोटा श्वास घेतला. आणि मला येते ती सगळी मालवणी, खड्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हटली.

“व्हय म्हाराजा!”

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. दार लावता लावता ते म्हणाले,

“गाऱ्हाणां झालां, बाई.”